विरुपाक्ष सरांचा शेवटचा दाखला

विरुपाक्ष सरांचं डोकं फुटलं होतं, आणि फोडणाऱ्यानं एका घावावर समाधान मानलं नव्हतं. केजचे फौजदार शहादेव यांनी वाकून घाव मोजले. तीन. खलबत्त्यातला लोखंडी बत्ता शेजारीच पडला होता. सरांचा चष्मा एका कानाला लटकत होता, गळ्यातलं इष्टलिंग रक्तात भिजलं होतं. सकाळचे नऊ वाजले होते आणि माशा जमायला लागल्या होत्या.

भिंतीला टेकून महानंदा बसली होती. सरांची विद्यार्थिनी, गावातल्या दुकानदाराची पोर. तिचे दोन्ही हात कोपरापर्यंत लाल होते.

"बत्त्याला हात लावलास?"

"बाजूला सारला, साहेब. सरांचं डोकं मांडीवर घेतलं. जीव हाय का बघत होते."

"कधी आलीस?"

"साडेआठला. दाखला न्यायला."

महानंदाला बी.एस्सी.ला चव्वेचाळीस टक्के. एवढ्या मार्कांवर डॉक्टर व्हायची भाषा केली की केजात लोक तोंडावर हसत. पण औरंगाबादकडच्या एका नव्या मेडिकल कॉलेजनं दुष्काळी तालुक्यांना एकेक जागा दिली होती. मार्क कमी चालतील. मात्र दोन वर्षं दवाखान्यात रोग्यांची सेवा केलेली हवी, ती महानंदानं केली होती, आणि तालुक्यातल्या नेमलेल्या प्राध्यापकाचा सहीशिक्क्याचा दाखला हवा. केजसाठी ते प्राध्यापक म्हणजे विरुपाक्ष सर. त्यांनी एकाच उमेदवाराला दाखला द्यायचा होता. मुलाखत उद्या सकाळी दहाला. पुढल्या साली महानंदा वयातून बाद होणार होती.

टेबलावर शाईची दौत होती, शिक्का होता. दाखला नव्हता.

"मला धरून ठेवलं तर उद्याची मुलाखत गेली, साहेब," महानंदा म्हणाली. "मग मी कशालाच उरले न्हाई."

शहादेवांना पोरीची दया आली. पण दयेवर कुणाला सोडता येत नाही. ते न्हाणीघरात गेले.

रांजण अर्ध्यावर आला होता. मोरीतलं पाणी साठवायचं घमेलं पायानं सरकवल्यासारखं कडेला गेलं होतं. मोरीच्या भोकात कोंबायचा चिंध्यांचा बोळा काढून फरशीवर टाकलेला होता. बाहेरची नाली ओली होती, आणि त्या ओलीला लालसर झाक होती.

"रांजण कधी भरला?"

"काल टँकर आला तवा मीच भरला. काठोकाठ."

शेजारच्या उत्तरेश्वरला बोलावलं. त्याचं आणि सरांचं महिनाभर बोलणं बंद होतं.

"पाण्यावरून भांडण झालतं?"

"झालतं की. एका घागरीवरून. म्हणून काय कुणी मुडदा पाडतंय, साहेब? पर काल सर हिच्यावर लई वरडत होते. 'चव्वेचाळीस टक्के! लाज न्हाई वाटत?' असं."

"खरं हाय?" शहादेवांनी महानंदाला विचारलं.

"रोजच वरडायचे. वरडायचे आन शिकवायचे."

उत्तरेश्वरच्या मोरीतही बोळा होता. अंघोळीला बसायची बाज अंगणात, बाजेखाली घमेलं आणि घमेल्यातलं साबणाचं पाणी शेळ्यांच्या गोठ्यासाठी झाकून ठेवलेलं. सत्त्याऐंशीच्या त्या उन्हाळ्यात केजातल्या घराघरांतून हेच दिसे.

ठाण्यावर विठ्ठलराव येऊन बसले होते. सहकारी साखर कारखान्याचे संचालक, राहणार कारखान्याच्या वसाहतीत. पांढरंशुभ्र धोतर, नुकतीच इस्त्री केलेली बंडी. हवालदार आश्रुबानं अदबीनं तांब्या पुढं केला. विठ्ठलरावांनी चूळ भरली, दोन घोट घेतले आणि उरलेलं पाणी पायरीवर ओतून दिलं. आश्रुबा त्या पायरीकडं बघतच राहिला.

"आत्ता कारखान्यावर बातमी कळली, आन तसाच निघालो. आज पहिल्यांदाच गावात पाय ठेवला बघा. पोरगी जाग्यावर सापडली म्हणं. मग वाट कशाची बघता?"

"तुमच्या पोराचा, भारतचाही अर्ज होता ना?"

"होता. एक्केचाळीस टक्के पडले त्याला. पर सरांनी तिचं नाव धरलं, आमी मान्य केलं. मोठा मानूस होता."

शहादेव भारतच्या खोलीवर गेले. शिकायला म्हणून तीन वर्षं तो केजात भाड्यानं राहत होता. त्याच्या दारातही बाज होती, खाली घमेलं होतं.

"पाणी कोण भरतं?"

"मीच. टँकरच्या रांगेत दोन हंडे लावतो."

"आज सकाळी कुठं होतास?"

"इथंच. एकटा. साक्षीदार न्हाई कुणी."

"अर्ज कशापायी केलास?"

"आबांनी केला. दवाखान्याच्या सेवेचा कागदही त्यांनीच मिळवला. सही माझी, हौस त्यांची. मला रक्त बघितलं की घेरी येते, साहेब."

दुपारी तीन वाजता शहादेवांनी सगळ्यांना सरांच्या घरी जमवलं. जमिनीवरचं रक्त वाळून काळं पडलं होतं. भारतनं ते पाहिलं आणि दाराची चौकट धरली.

"खुनी इथं हात धुऊन गेला," शहादेवांनी सुरुवात केली. "महानंदाचे हात लालच होते. धुऊन झाल्यावर कुणी पुन्हा रक्तात हात घालत न्हाई. म्हणजे धुणारा आधी गेला, ही नंतर आली."

"मग उत्तरेश्वर असंल," विठ्ठलराव म्हणाले. "भांडण तर त्याचंच होतं."

"उत्तरेश्वर एका घागरीसाठी महिनाभर अबोला धरतो. हितं अर्धा रांजण गेला. आन कुठं गेला? नालीत. मोरीला बोळा होता, तो उपसून काढला. घमेलं लाथेनं बाजूला केलं. विठ्ठलराव, या गावातल्या मानसानं मुडदा पाडला असता, तरी हात घमेल्यात धुतले असते. दोन वर्षांत हाताला वळणच पडलंय तसं. पाणी वाया घालवायचं, हे आता कुणाला सुचत न्हाई. तुंबलेलं पाणी बघून बोळा उपसणारा मानूस नळाच्या घरातला हाय."

आश्रुबा दारात जाऊन उभा राहिला.

"कारखान्याच्या वसाहतीला बोअर हाय. दिवसभर नळ. या प्रकरणात तिथला मानूस एकच. भारत तीन वर्षं हंडे वाहतोय, त्याच्या बाजेखाली घमेलं हाय. तुमी सकाळी ठाण्याच्या पायरीवर अर्धा तांब्या ओतलात, आन तुमच्या ध्यानातही आलं न्हाई. महानंदाच्या आधी आलात, सरांकडं दाखला मागितला. सरांनी न्हाई म्हटलं. मग बत्ता उचललात. कारखान्यावर जाऊन कपडे बदललेत आन बातमी ऐकल्यासारखं परत आलात. दाखला मात्र फाडला नसणार. फाडला तर सही गेली, ती परत मिळायची न्हाई. सहीवरचा मजकूर खरवडून तिथं भारतचं नाव घालायचं होतं. बंडी काढा."

विठ्ठलराव वाघासारखे उसळले. पण शहादेवांवर नाही, महानंदावर. दोन्ही हातांनी त्यांनी तिचा गळा धरला आणि डोकं भिंतीवर आपटलं. आश्रुबाची काठी त्यांच्या मनगटावर बसली. हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. झटापटीत बंडी फाटली आणि आतल्या खिशातून घडी घातलेला कागद खाली पडला.

"ही दुकानदाराची पोर डॉक्टर होणार!" विठ्ठलराव जमिनीवरून ओरडत होते. "आन माझ्या पोराला लोक वाया गेलेला म्हणून वळखणार? त्याच्यासाठी केलं मी. त्याच्यासाठी!"

भारत पांढराफटक पडला होता.

"आबा, काल मीच सरांकडं आलतो," तो म्हणाला. "माझं नाव काढा म्हणून पाया पडलो त्यांच्या. सरांनी तुमाला सांगितलं न्हाई?"

विठ्ठलरावांनी पोराकडून तोंड फिरवलं. सरांनी सांगितलं होतं. सरांनी तेच सांगितलं, म्हणून तर पहिला घाव बसला होता.

बेड्या पडल्या. सुटका झाली, तरी महानंदाची नजर त्या कागदावरच होती. दाखल्याच्या कोपऱ्यावर रक्त होतं; विठ्ठलरावांवरच्या खटल्यातला तो सर्वांत मोठा पुरावा होता.

"मुद्देमाल देता येत न्हाई, पोरी," शहादेव म्हणाले.

 तिच्या कानशिलावरून रक्त ओघळत होतं आणि ते पुसायचंही तिला भान नव्हतं. शहादेवांनी आपला रुमाल तिच्या कानशिलावर धरला.

"पर मुद्देमाल घेऊन फौजदार कुठं जातो, हे कोण विचारणार? जीप काढायला सांगतो. पहाटे निघू. आज आधी सरांना पोचवू."

दुसऱ्या दिवशी दहा वाजता मुलाखतीच्या खोलीत शहादेव महानंदाच्या मागं उभे राहिले. दाखला त्यांनी स्वतः टेबलावर ठेवला आणि त्याच्यावरची नजर हलवली नाही. कॉलेजच्या वयस्कर प्रमुखांनी आधी गुणपत्रिका पाहिली.

"चव्वेचाळीस. इतके कमी कसे?"

"परीक्षेच्या वर्षी सकाळचे तास पाण्याच्या रांगेत जायचे."

त्यांनी दाखला उचलला आणि बोटं थबकली.

"हे डाग कसले?"

"सरांच्या रक्ताचे."

त्यांनी दाखला वाचला. दोनच ओळी होत्या. 'हिचे मार्क कमी आहेत, याबद्दल मी तिला रोज रागावतो. रोगी सोडून ही एकदाही उठलेली नाही.' प्रमुखांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"पहिल्या वर्षी प्रेतावर शिकावं लागतं. हात कापतात भल्याभल्यांचे. जमेल?"

महानंदानं आपल्या हातांकडं पाहिलं.

"काल संध्याकाळी सरांना मीच अंघोळ घातली, साहेब. गल्लीतल्या घराघरानं एकेक तांब्या पाणी दिलं."

प्रमुखांनी मान खाली घातली आणि तिचं नाव लिहायला घेतलं.