घाटमाथ्यावरून बद्रीकाकांना हाक

चाळीसगावच्या बद्रीकाकांना एक हाक मारायची, एवढ्यासाठी आम्ही पौषातल्या कडाक्याच्या थंडीत डोंगर चढायला निघालो होतो!

काका आणि माझे वडील, म्हणजे अण्णा, दोघेही तारखात्यातले. जन्मभर तारा ठोकल्या, आणि निवृत्त झाल्यावर हौशी रेडिओचा परवाना काढून पुन्हा ठोकतच बसले. दोघांचं सारं बोलणं मोर्सच्या कळीवर, कट्ट-कडकट्ट. "बद्रीचा हात म्हणजे मोत्यांची ओळ," असं अण्णा सांगत. ऐकून ऐकून मलाही ती भाषा येऊ लागली होती. दिवाळीनंतर काकांना लकवा झाला. वाचा गेली. वाकडं झालेलं तोंड कुणाला दाखवायचं नाही म्हणून त्यांनी अण्णांनाही येऊ दिलं नाही. मग त्यांच्या सुनेनं, आशावहिनींनी, शेजारच्या फोनवरून निरोप दिला: "मशीन मोडीत द्या म्हणून खुणावतात. रविवारी सकाळी शेवटचं चालू करून देते."

काकांच्या रेडिओचा उंच खांब वादळात पडला होता. खिडकीत बांधलेल्या तारेवरून त्यांची टकटक औरंगाबादेला आमच्या घरापर्यंत पोचत नव्हती. पण कन्नडच्या पुढं, घाटमाथ्यावरच्या टोकावर उभं राहिलं, की चाळीसगाव थेट समोर! अण्णांची साठी उलटलेली आणि गुडघे त्यांच्याहून म्हातारे. त्यांना एकटं सोडायला मी काय वेडी होते?

पायथ्याच्या वस्तीतला सांडू वाटाड्या म्हणून आला. त्यानं अण्णांना आपादमस्तक न्याहाळलं.

"बाबा, वर लई गारठा हाय. ऊन पडल्यावर निघू की."

"नाही जमायचं. तिकडं माणूस वाट बघतोय."

"मंग चला. पर माझ्या पावलावर पाऊल टाकीत या."

दवानं गवत ओलंचिंब झालं होतं आणि धुक्यात सांडूच्या घोंगडीशिवाय काही दिसत नव्हतं. माथ्याच्या जरा खाली उतरता कातळ लागला. डावीकडं भिंत, उजवीकडं खाई. सांडू सरसर पलीकडं गेला. मागोमाग मी. अण्णांनी पाऊल टाकलं, आणि घसरले! एका हातानं त्यांनी रेडिओची पिशवी छातीशी धरली. दुसरा हात हवेत! सांडूनं झेप घेऊन मनगट पकडलं. मी सांडूची कंबर धरली. ओढ! अजून ओढ! अण्णा वर आले. त्यांच्या खांद्यावरची बॅटरीची पेटी मात्र सुटून दगडांवर आपटत खाईत गेली.

"आधी स्वतःला सावरायचं की पिशवीला?" मी रडतच ओरडले.

"पिशवी गेली असती तर वर जाऊन काय केलं असतं?" अण्णा म्हणाले. रागावू तरी किती या माणसावर!

माथ्यावर बोचरा वारा होता. सांडूनं एका खुरट्या झाडावर तार चढवली. टॉर्चचे सेल जोडून मी काम भागवलं. त्यांच्यावर ऐकता बराच वेळ आलं असतं, पण ठोकता अगदी थोडं. अण्णांनी हाक दिली आणि कान लावून बसले. नुसती खरखर.

मग एक टकटक आली. अडखळती, वेडीवाकडी. अर्ध्या अक्षरात थांबे, पुन्हा सुरू होई.

"कुणीतरी शिकाऊ मधे कडमडतोय," अण्णा वैतागले आणि त्यांनी ठोकलं: "शिकाऊ दिसता. बाजूला व्हा. मित्राची वाट बघतोय."

टकटक थांबली. पुन्हा नुसती खरखर. मी अण्णांचा हात धरला.

"अण्णा, लकव्यात काकांची बाजू कुठली गेली?"

"विचारलंच नाही गं." बोलता बोलता त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "उजवी असेल तर डाव्या हातानंच ठोकणार तो... कालिंदी, मी बद्रीलाच हाकललं!"

सेल आता जेमतेम उरले होते. अण्णांनी कळ उचलली आणि डाव्या बाजूला ठेवली. जन्मात कधी डाव्या हातानं ठोकलं नव्हतं. टिंबं सांडत होती, रेघा लांबत होत्या. तरी त्यांनी ठोकलं: "बद्री, मी आहे. डावा हात."

सांडूही रेडिओजवळ सरकून कान देऊ लागला.

आणि टकटक आली! तीच, अडखळती. अण्णा एकेक अक्षर मोठ्यानं वाचू लागले.

"शि... का... ऊ... दिसतोस."

अण्णा हसायला लागले. हसता हसता हुंदका आला, डोळे वाहू लागले, पण कान काही त्यांनी काढला नाही. टकटक आणखी मंद झाली. "उ... द्या... पुन्हा..." आणि सेल संपले. खरखरसुद्धा बंद झाली.

"काय म्हनले वं ते?" सांडूनं विचारलं.

अण्णांनी त्याचे दोन्ही खांदे धरले.

"उद्या म्हणाला! अरे, उद्या म्हणाला तो!"