जमनाबायचं आमंत्रण

दिवा जरा अलीकडे सरकवा. घाबरू नका, गोष्ट लग्नाची आहे आणि बरीचशी भर उन्हातली.

२०१६ सालचा एप्रिल. कैनाडजवळ आमची चिकूची वाडी, आणि टेम्पो मीच चालवतो. माझ्याबरोबर आठ वर्षं पेट्या भरणाऱ्या चिमणचं लग्न होतं, म्हणून सकाळी त्याच्या पाड्यावर मांडवाचे बांबू उतरवत होतो. तेवढ्यात निरोप आला: धवलेरी तापाने फणफणलीय, येणार नाही.

धवलेरी म्हणजे वारल्यांचं लग्न लावणारी बाई. भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक काढतात, तिने त्याच्यापुढे गायल्याशिवाय लग्न लागत नाही. नवरीची माणसं तर तलासरीकडून निघालीही होती. चिमणचं तोंड एवढंसं झालं.

"डोंगराच्या पल्याड बुधीबाय हाय," त्याची थोरली बहीण काळी म्हणाली. "चार वर्सां झाली, गायली नाय. पन मी आनते तिला. शेट, तुमी चला. म्हातारी थकली तं पाठीवर घ्याला लागंल."

"मी?"

"मंग एवढं खाऊन अंगात ताकद कशाला ठेवलीय?"

सगळा मांडव हसला. माझी काय बिशाद नाही म्हणायची!

तिकडे टेम्पो जात नाही. आधी भाताची मोकळी खाचरं, बांधावरून तोल सांभाळत चालायचं. मग सागाचं रान आणि नुसता चढ. वाळक्या पानांचा एवढा आवाज, की आपल्याच पावलांमागे दुसरं कोणी चालतंय असं वाटावं. मोहाची फुलं पडली होती, गोड आंबूस वास सुटला होता. मी घामाघूम झालो, दोनदा घसरलो, काळीने दोन्ही वेळा पोटभर हसून घेतलं. खरं सांगतो, इतकं छान मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

बुधीबाई अंगणात मिरच्या वाळवत होती. सत्तरीची, काटक. ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"मी एक ओळ सोडणार, ती उचलाला जमना होती. नणंद माजी. चाळीस वर्सां दोघींनी लग्नां लावली. ती गेली. आता माजी ओळ उचलंल कोन?"

काळी वाद घालत बसली नाही. पदराची गाठ सोडून तिने हळदीचे तांदूळ काढले. बोलावणं करायची त्यांची रीत अशी की उंबऱ्यावर नावागणिक तांदळाची एक ढिगली ठेवायची आणि नाव घ्यायचं. मग ते आमंत्रण मोडता येत नाही. काळीने खाली वाकून पटकन तांदूळ ठेवले आणि म्हणाली, "बुधीबाय, जमनाबाय, लग्नाला चला."

लहानपणापासून ती हेच ऐकत आली होती. त्या पाड्यांवर एकीचं नाव दुसरीशिवाय कोणी घेतच नसे. उंबऱ्यावर तांदळाच्या दोन ढिगल्या होत्या.

काळीने जीभ चावली. तिचा चेहरा उतरला. "बाय... चुकलां माजं."

बुधीबाई त्या ढिगल्यांकडे बघत राहिली. आणि हसली. पोरीसारखी, खुदकन. "आता चुकलां म्हनून कसां चालंल? बोलावलास ना तिला? मंग चला. ती खोळंबंल."

पाठीवर घ्यायची गरजच पडली नाही. म्हातारी पुढे, मध्ये काळी, मागे मी. खिंडीत वारा पडला. सागाचं एक पान हलेना. बुधीबाईने चालता चालता एक ओळ म्हटली. चिरका, जुना आवाज. ओळ संपली आणि ती थांबली.

माझ्या मागून कोणीतरी ती ओळ उचलली...

अगदी खालच्या, भरदार आवाजात. मी सर्वांत शेवटी होतो.

"शेट," काळी मागे न बघता पुटपुटली, "तुमीच गायलात ना?"

"...नाही."

"गायलो म्हना."

"गायलो," मी म्हणालो. पुढे बुधीबाईची पाठ बघितली आणि भीती निम्मी झाली. म्हातारी चक्क नाचत उतरत होती.

लग्न असं लागलं की विचारू नका! बुधीबाई ओळ सोडायची आणि ती उचलली जायची. मांडवात अडीचशे माणसं, ढोल, पोरांचा गोंधळ. कोण उचलतंय हे बघायला फुरसत कोणाला? म्हाताऱ्या बायका तेवढ्या गप्प होत्या आणि डोळे पुसत होत्या. चिमण हळदीत न्हाऊन निघाला होता. मीही नाचलो, काळीने मला नाचवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बुधीबाईला निरोप द्यायला आम्ही चिमणच्या अंगणात उभे होतो. जिने बोलावलं, तिनेच नाव घेऊन निरोप द्यायचा. आदल्या दिवशीची चूक पुन्हा नको म्हणून काळीने मोजून एकच नाव घेतलं. "बुधीबाय, चला."

म्हातारी निघाली. एवढ्यात नवी नवरी, निलम, दारात आली. तलासरीकडची पोर, जमनाबाईचं नावही तिच्या कानावर पडलेलं नव्हतं.

"आजी, तुमची सोबतीण राहिली," ती म्हणाली. "चौकाजवळ बसल्यात. म्हनतात, मला कोनी चला म्हटलांच नाय."

काळीने माझं मनगट घट्ट धरलं. मग जमनाबाईलाही चला म्हणायला ती आत वळली, तर बुधीबाईने तिला अडवलं. म्हातारीचे डोळे भरले होते आणि तोंड हसत होतं.

"ऱ्हाऊ दे. माज्यामागं गानां बुडलां असतां. ऱ्हाऊ दे तिला हितं." आणि एकटीच डोंगराकडे चालू लागली.

त्या पावसाळ्यात बुधीबाई गेली. आज २०१९ चाललंय. आसपासच्या पाच-सहा पाड्यांवर आता निलम लग्नं लावते. तिला एक ओळही कोणी शिकवलेली नाही. लग्नसराईत तिला पाड्यापाड्यावर मीच नेतो, टेम्पोत. मोठी हसरी पोर, वाटभर बडबड चालू असते. पण बसते ती अगदी दाराला चिकटून, अंग चोरून, मध्ये माझ्या शेजारी एका माणसाची जागा सोडून.