आईचं लॉगिन

रुग्णालयाच्या तळघरात, सर्व्हरच्या खोलीत, एसीची घरघर कधी थांबत नसे. आई गेल्यावर तिच्या जागी लेक रुजू झाली होती. खुर्चीची उंची तिनं अजून बदलली नव्हती.

रुग्णालयाच्या संगणकांवर हल्ला दुपारी जेवणानंतर सुरू झाला. नेटवर्कमधली एक वाट बंद करावी, तर तो रूप पालटून दुसरीकडून शिरे. अतिदक्षता विभागाच्या यंत्रांपर्यंत त्याला पोचू द्यायचं नव्हतं. ती पुढची वाट बंद करायला गेली, तर ती आधीच बंद. नोंदीत आईचं लॉगिन होतं.

"साहेब, हे अजून चालू कसं? आल्या दिवशीच बंद करायला सांगितलं होतं मी!"

"राहून गेलं गं," विभागप्रमुख म्हणाले.

"राहून गेलं? चोराच्या हाती किल्ली दिलीत!"

पण हा चोर दारं लावत सुटला होता. तेवढ्यात कँटीनमधून फोन आला.

"ताई, बिलांचा प्रिंटर सारखा बंद पडतोय. आई होत्या तेव्हा पडायचा, तस्साच."

कुठलीही वाट तोडण्याआधी आई तीच आज्ञा कँटीनच्या प्रिंटरवर करून बघे. चुकलंच तर चहाचं बिल अडावं, कुणाचा श्वास नको. सगळे त्यावरून हसत. दुसरं कुणी तसं करत नसे.

साहेबांचा चेहरा उतरला. "असू दे. थोपवतंय ना? बंद नको करूस."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "अंगात ताप असताना याच खुर्चीत बसवून ठेवलंत तिला. घरी आली ती शववाहिनीतून. मेल्यावर तरी सुट्टी द्या!"

तिनं लॉगिन बंद केलं.

वाटा धडाधड उघडू लागल्या. ती एक लावी, तोवर तीन उघडत.

पडद्यावर अतिदक्षतेची ओळ लाल झाली.

"चालू कर ते लॉगिन! वर माणसं आहेत!" साहेब ओरडले.

तिनं हात कीबोर्डवरून उचलून मांडीवर घेतले.

लाल ओळ हिरवी झाली. मग दुसरी. मग सगळ्या.

साहेबांनी श्वास सोडला. "शाब्बास! आईची लेक शोभतेस. आज मात्र रात्रभर इथंच थांबावं लागेल हं."

तिनं नोंदी पाहिल्या. आईचं लॉगिन बंदच होतं. प्रत्येक नोंदीपुढं तिचं स्वतःचं लॉगिन होतं, आणि नव्या नोंदी येतच होत्या.

तिचे हात अजून मांडीवर होते.