काचेपलीकडचं रडणं

लिंबायतमधल्या लूम खात्यात, म्हणजे यंत्रमागांच्या कारखान्यात, योगिता भावाचा डबा द्यायला गेली, ती नेमकी कुंदन नावाच्या कारागिराच्या मागापाशी जाऊन उभी राहिली. असा खडखडाट, की स्वतःचा आवाज स्वतःला ऐकू येईना. "नितीनभाऊ कुठंय?" ती ओरडली. कुंदन तिच्या ओठांकडे बघत राहिला... जरा जास्तच.

दाराबाहेर तिने त्याला झापलं, "माझ्या ओठांवर पत्ता लिहिलाय का?"

"आम्ही कारागीर ओठच वाचतो. तुमचे जरा अवघड आहेत — पुन्हा वाचावे लागतील."

आणि मेल्याने वाचलेच! लग्न झालं, दोन वर्षांत दिवस गेले, आणि मूल आडवं म्हणून सिझेरियन ठरलं.

भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी समजावलं होतं, "पाठीत इंजेक्शन देऊ. कंबरेखाली बधिर व्हाल, पण जाग्या राहाल. बाळाचं पहिलं रडणं ऐकाल." पण सासूबाईंनी आधीच मनात भरवलेलं — पाठीत सुई गेली की कंबर गेली; मग दिवसभर मांडी घालून मजुरीवर साड्यांचे धागे कोण कापणार? "तसं होत नाही हो," डॉक्टरीणबाई दोनदा म्हणाल्या. योगिताने तरी पूर्ण भूलच मागितली.

जाग आली तेव्हा घशात नळीची खरखर, पोटात आग, आणि शेजारी बाळ नाही. मुलगी श्वासासाठी काचेच्या पेटीत. दोन दिवस काहीच सांगता येणार नाही म्हणे.

"कशी रडली रे?" तिने कुंदनला विचारलं.

"मांजरीच्या पिल्लासारखी."

संध्याकाळी तिने पुन्हा विचारलं.

"कोंबड्यासारखी... दणकून!"

"खोटारड्या, सकाळी मांजर होतं!" तिला हसू आलं नि टाके ओढले गेले. कुंदनने पटकन तिच्या पोटावर उशी दाबून धरली, नर्सने शिकवलं होतं तसं. मग खाली बघत म्हणाला, "माले ऐकूच उनं नही, योगू. दाराशीच उभा होतो. बारा वर्षं माग चालवून कान गेले... नर्सने खांदा हलवला तेव्हा कळलं."

म्हणजे आईने नाही, बापानेही नाही. आणि आता ती पुन्हा रडलीच नाही तर? योगिताने भिंतीकडे तोंड फिरवलं.

सकाळी उशी पोटाशी धरून, त्याच्या खांद्यावर भार टाकून, एकेक पाऊल मोजत ती काचेपर्यंत पोचली. आत नळ्यांच्या गुंत्यात मूठभर जीव. इवलंसं तोंड उघडलं... काचेतून आवाज काही येईना.

"रडतेय," ती कुजबुजली. "वाच ना. काय म्हणतेय?"

कुंदन त्या ओठांकडे बघत राहिला — जरा जास्तच. "म्हणस, आईले भलताच उशीर व्हयना."

योगिताने काचेला कपाळ टेकलं. "तिला सांग... कुठं जाऊ नको म्हणावं."

आणि कुंदनने, आवाज न करता, नुसते ओठ हलवून, सावकाश सांगितलं.