ड्युटीवर चिमणी

खोटं वाटत असेल तर इथेच थांबा. पण हे माझ्या सख्ख्या चुलतभावाच्या, दादाच्या घरी घडलंय. तेही रात्री-बेरात्री नाही, भर दुपारी.

दादाच्या ऑफिसात घरोघरच्या गॅस-अलार्मचा प्रोग्रॅम चालतो. गॅस गळला की ड्युटीवरच्या माणसाला फोन जातो, तो मदत पाठवतो. एकाने फोन उचलला की मग तो दुसऱ्या कुणाकडे जात नाही.

हा भाग दादाच्या हाताखालच्या एका मुलीने लिहिला होता. अंगाने एवढीशी, म्हणून सगळे तिला चिमणी म्हणत. तिने त्यात लॅम्डा नावाचा छोटा कोड वापरला होता. म्हणजे अलार्म वाजेल त्या क्षणी ड्युटीवर कोण आहे ते बघायचं आणि त्यालाच फोन लावायचा.

"एवढं पाल्हाळ कशाला? त्याऐवजी मेथड रेफरन्सची आखूड ओळ टाक, सुटसुटीत दिसेल," दादा म्हणाला.

"सर, मेथड रेफरन्स प्रोग्रॅम सुरू होतानाच एक माणूस धरून ठेवेल. नंतर ड्युटी बदलली तरी फोन त्यालाच जाईल."

"मला शिकवू नकोस."

तिने मुकाट्याने बदललं.

पुढे एका घरी गॅस गळला. फोन गेला तो रजेवरच्या माणसाला. त्याने तो झोपेतच उचलला आणि पुन्हा झोपला. एक म्हातारा गुदमरून गेला.

चौकशीत दादाने सरळ चिमणीकडे बोट दाखवलं. भाऊ असला म्हणून काय झालं, मला हे आजही पटत नाही! तिची नोकरी गेली. आणि थोड्याच दिवसांत... तीही गेली.

दादाने गुपचूप लॅम्डा परत लिहिला. नीट तपासला. ड्युटीच्या यादीत चिमणीचंही नाव होतं, ते पुसलं.

मग ती दुपार आली.

ऑफिसात स्क्रीनवर दादाच्याच घरचा अलार्म लागला. घरी वहिनी एकटी.

लगेच खाली ओळ उमटली. फोन उचलला गेला होता. उचलणाऱ्याचं नाव... चिमणीचं.

दादाने वहिनीला फोन लावला. एंगेज.

पुन्हा लावला... एंगेज.

तो धावत सुटला. दार फोडलं तेव्हा वहिनी स्वयंपाकघरात पडलेली. खिडक्या बंद. फोन कानाशी.

वाचली, नशीब!

"एक बाई होती फोनवर," शुद्धीवर आल्यावर ती म्हणाली. "म्हणाली, जागच्या हलू नका, माणूस पाठवते. फक्त आधी तुमच्या नवऱ्याला विचारते... चूक कुणाची होती."

दादाने घरचा अलार्म काढून टाकला. ऑफिसात मात्र तोंड उघडलं नाही. नोकरी जाईल ना!

परवा मी त्याच्याकडे गेलो होतो. गप्पा चालल्या होत्या. वहिनीचा फोन वाजला. तिने कानाला लावला आणि पांढरीफटक पडली.

"अहो... ती विचारतेय, काय ठरलं?"

दादा मान खाली घालून बसला.

"बोला ना काहीतरी! ती म्हणतेय, मी लाईनवरच आहे..."

दादा अजूनही बोललेला नाही. आणि खरं सांगू? मला काळजी त्याची नाही, वहिनीची लागून राहिलीय.