दोन कपांचा रेडिओ

“तो रेडिओ विकला नाहीत ना अजून?”

दारात उभ्या माणसाला धाप लागली होती. शर्टाचं बटण एक सोडून लावलेलं, त्यामुळे तो सगळा तिरकाच दिसत होता. मी हातातला ब्रश खाली ठेवला.

मला सगळे टिकाऊबाई म्हणतात. कुणी मोडकं दार आणून देतं, कुणी तळ गेलेली सुटकेस. मी टाकाऊतून टिकाऊ करते आणि त्यावरच माझं चालतं. विकला नाही, म्हटलं, पण आता तो रेडिओ राहिलेला नाही. आणि मोठ्या कौतुकाने दाखवला. जुन्या लाकडी रेडिओचं मी छोटं कपाट केलं होतं. पुढची जाळी बिजागरीवर उघडायची, आत फळी, फळीखाली कप टांगायला हूक. माझे रोजचे दोन निळे कपही तिथे टांगले होते.

तो स्टुलावर मटकन बसला. स्टुलाचा रंग ओला आहे हे सांगेपर्यंत उशीर झाला होता.

मग त्याने सांगितलं. तो दातांचा डॉक्टर. रेडिओ त्याच्या वडिलांचा, आणि वडील हृदयाच्या दुखण्याने दवाखान्यात. जाताना उंबऱ्यावर थांबून म्हणाले होते, “घरातलं काही हलवू नका. मी परत येणार आहे.” पण त्यांच्या खाटेला जागा हवी, म्हणून वहिनीने रेडिओ मला देऊन टाकला. तिचंही काय चुकलं? रेडिओ कित्येक वर्षं मुकाच होता.

“पण बाबा रोज सकाळी बटण फिरवतात, वर टिचकी मारतात,” तो म्हणाला. “शनिवारी घरी येतायत. तो दिसला नाही तर त्यांना वाटेल… आपण जिवंत परतणार नाही, असं हे सगळे धरूनच चालले होते.”

मला रागच आला. वहिनीचा, त्याचा आणि सगळ्यात जास्त माझ्या करवतीचा. टिकाऊचं पुन्हा टाकाऊ मी जन्मात केलं नव्हतं. पण त्या तिरक्या शर्टाकडे बघून नाही म्हणवेना.

रोज संध्याकाळी आपला दातांचा दवाखाना बंद करून तो यायचा. मी पाडलेली भोकं तो लाकडाचा भुसा आणि गोंद कालवून बुजवायचा, दात भरावा तसा, अगदी नाजूक हाताने. “दुखतंय का?” असं रेडिओलाच विचारायचा. मी म्हणायचे, त्याला बोलता आलं असतं तर तुमची गरजच काय होती? तो हसायचा, आणि मी उगाच पॉलिशचा डबा हलवत बसायचे. काम झालं की त्या दोन निळ्या कपांत चहा. एकदा माझ्या बोटात कुसळ गेलं. त्याने ते काढलं… आणि काढून झाल्यावरही बोट सोडलं नाही. मीही मागितलं नाही.

शुक्रवार आला तरी जीव टांगणीलाच. पॉलिशचा रंग जुळेना, गोंद वाळेना, आणि बिजागरी काढायला गेले तर जाळीची चौकट तडकू लागली. शेवटी ती तशीच ठेवून, जाळी बंद राहावी म्हणून आतून चुंबक लावलं. टिचकी जोरात बसली तर उघडेल, मी बजावलं. आतली फळी आणि हूक तो घरी जाऊन काढणार होता.

“उद्या तुम्हीही या,” तो म्हणाला. “माझे हात कापतील.”

हो म्हटलं. शनिवारनंतर त्याला माझ्याकडे यायला निमित्त उरणार नव्हतं.

शनिवारी त्यांच्या घरी बाबा भिंत धरत धरत आत आले. खाटेकडे बघितलंसुद्धा नाही, सरळ रेडिओपाशी. लाकडावरून हात फिरवला. बटण फिरवलं. मग त्यांनी टिचकी मारली, आणि जाळी अलगद उघडली.

आत फळी होती. हूक होते. माझे दोन निळे कपही होते.

“म्हणजे हलवला होता,” बाबा हळूच म्हणाले. वहिनीने मान खाली घातली.

“हो बाबा,” तो म्हणाला. “हिने त्याचं कपाट केलं होतं, मी मोडायला लावलं. पण आतलं काढायला माझा हातच धजेना.” मग सगळ्यांसमोर माझ्याकडे वळला. “तू जसं ठेवलं होतंस, मला ते तसंच हवंय… तुझ्यासकट.”

इतके दिवस आम्ही अहो-जाहो करत होतो. माझे कान तापले. पण माझं सगळं लक्ष बाबांकडे.

ते फळीवरून बोटं फिरवत होते. “दवाखान्यात पडल्या पडल्या हेच मनात यायचं,” ते म्हणाले, “मीही आता नुसता जागा अडवणार.” त्यांनी खिशातून गोळ्यांची डबी काढली, फळीवर ठेवली आणि नीट सरकवली. मग माझ्याकडे बघितलं. “काय गं, दोनच कप? मला चहा कशात देणार?”

“हूक तीन आहेत, काका,” मी म्हटलं. मग त्याच्याकडे न बघता म्हटलं, “आणि तू… आधी शर्टाची बटणं नीट लाव.”