मेन बंद केलंय, हात घाल

ही गोष्ट ऐकली की पहिला प्रश्न सगळे एकच विचारतात, म्हणून उत्तर आधीच देऊन टाकतो. नाही, माझे मामा पीत नाहीत. त्या दिवशीही प्यायले नव्हते. आणि रात्रही नव्हती. रविवारची टळटळीत दुपार होती.

पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. वाद घालायची माझी इच्छा नाही. मामा सगळ्यांशी वाद घालून केव्हाच थकलेत.

मामा आणि माझे बाबा मिळून ऑफिसांमधलं नेटवर्कचं काम करतात. कॉम्प्युटर एकमेकांना केबलने जोडायचे, आणि बिघडले की बिघाड शोधत बसायचं. मेव्हण्या-मेव्हण्यांची जोडी. दिवसभर भांडतात आणि एकमेकांशिवाय पानही हलत नाही. मामा शिडीवर, बाबा लॅपटॉपवर. आई म्हणजे मामांची थोरली बहीण. दोघं कामाला निघाले की ती दारात उभी राहून एकच सांगते, "माझी दोन्ही माणसं एकाच गाडीतून चाललीत. विजेशी मस्ती करू नका."

त्यांची एक पद्धत आहे, ती आधी समजून घ्या.

बाबा लॅपटॉपवरून दुसऱ्या खोलीतल्या कॉम्प्युटरला पिंग करतात. पिंग म्हणजे साधी हाक. आहेस का? तो कॉम्प्युटर जोडलेला असेल तर उत्तर येतं आणि स्क्रीनवर एक ओळ उमटते. नसेल तर उत्तर आलं नाही अशी ओळ उमटते. मामा तिकडे छतात डोकं घालून एकेक केबल हलवून बघतात. त्यांना स्क्रीन दिसत नाही. म्हणून बाबा मोठ्याने ओरडतात.

"आहे... आहे... आहे... गेला!"

गेला म्हणाले की मामांना कळतं, आत्ता हात लावला तीच केबल खराब.

त्या रविवारी काम होतं एका रक्ततपासणी केंद्रात. दुकानांच्या वरचा अख्खा मजला. रंग नुकताच दिलेला, खुर्च्यांवरचं प्लास्टिकही काढलेलं नव्हतं. सोमवारी सकाळी केंद्र सुरू होणार होतं. आणि शेवटच्या खोलीतला एक कॉम्प्युटर काही केल्या सरळ चालत नव्हता.

घटकाभर आहे. घटकाभर नाही.

केबल बदलली. सॉकेट बदललं. कॉम्प्युटर बदलून दुसरा आणून ठेवला. तोही तसाच. केंद्र ज्यांचं, त्या डॉक्टरीणबाईंचा दर थोड्या वेळाने फोन. "झालं का हो?" मामांच्या डोक्याचा पार भुगा झाला होता. एसी बंद. छताच्या पोकळीत धूळ, वर भट्टीसारखा उकाडा, आणि घाम थेट डोळ्यात.

"भाऊजी, जरा मोठ्याने! तोंडात गुळणी धरली आहे का?"

"ओरडतोच आहे की! तुझे कान साफ कर, बारकू!"

चाळिशी उलटली, पोट सुटलं, तरी बाबा त्यांना बारकूच म्हणतात. एरवी मामा हसतात. त्या दिवशी नाही हसले.

"आणखी तासाभरात झालं नाही, तर हे सगळं खाली फेकून घरी जातो," मामा वरूनच ओरडले. "आणि त्या बाईंना सांगा, रक्त माझंच काढा!"

उत्तर आलं नाही.

मग थोड्या वेळाने...

"आहे... आहे... आहे..."

मामा पुन्हा कामाला लागले. बॅटरीच्या उजेडात त्यांना छतात एक जुनी विजेची वायर दिसली. आधीच्या भाडेकरूची असावी. त्यांची नवी केबल तिला चिकटून गेली होती. तीच नडत असणार! मामांना इतका आनंद झाला की त्यांनी शिडीवरच स्वतःची पाठ थोपटली असती. ती वायर बाजूला ओढून बांधली की सुटलो. पण आधी मेन, म्हणजे मजल्याचा मुख्य स्विच, बंद करायला हवं.

"भाऊजी, मेन बंद करा! सापडलंय!"

आधी शांतता.

मग आवाज आला. बाबांचाच. तोच थोडा बसका, थोडा वैतागलेला.

"मेन बंद केलंय. हात घाल."

दिवसाचं काम, त्यामुळे दिवे आधीपासून बंदच होते. पंखे बंद. मेन खरंच गेलं की नाही, हे शिडीवरून कळायला काही मार्ग नव्हता. कळायची गरजही नव्हती. भाऊजी म्हणाले ना, संपलं. इतक्या वर्षांत ते एकदाही खोटं बोलले नव्हते.

मामांनी हात पुढे केला. बोटं वायरीपर्यंत पोचणार, तेवढ्यात...

"आहे... आहे... आहे..."

मामा आधी चिडले. नेहमीसारखे. आता कशाला ओरडताय, असं म्हणणारच होते.

आणि हात जिथल्या तिथे थांबला.

मेन बंद आहे ना? मग शेवटच्या खोलीतला कॉम्प्युटर बंद. मधला केबल जोडायचा डबाही बंद. बंद पडलेल्या कॉम्प्युटरकडून उत्तर येईलच कसं?

"आहे... आहे..."

"भाऊजी?"

"आहे..."

"भाऊजी, चेष्टा नको!"

"हात घाल."

मामा शिडीवरून कसे उतरले, त्यांचं त्यांनाच आठवत नाही. धावत पुढच्या खोलीत गेले. बाबांची खुर्ची रिकामी. लॅपटॉप उघडा होता. स्क्रीनवर पिंग केव्हाच थांबवलेलं. मजल्यावर चिटपाखरूही नव्हतं.

आणि जिन्यावर पावलं वाजली. दम टाकत बाबा वर आले. खांद्यावर केबलचं नवं बंडल.

"कुठे होतात तुम्ही?" मामा जवळजवळ किंचाळले.

"गाडीत! बंडल आणायला. कोणा शहाण्याने डिकीला खेटून गाडी लावली होती, तो सापडेपर्यंत जीव गेला माझा."

"सांगून जायला काय झालं होतं?"

"सांगितलं की! तूच वरून म्हणालास, जा, घेऊन या. मी बघतो इथलं."

असं मामा म्हणालेच नव्हते.

बाबांनी टेस्टर घेतला आणि शिडीवर चढून त्या जुन्या वायरीला लावला. वायरीचं आवरण उंदरांनी कुरतडलेलं, आतलं तांबं उघडं पडलेलं.

टेस्टरचा दिवा लागला. लख्ख.

बाबा खाली आले आणि तसेच फरशीवर बसले. मग बाबा एवढंच म्हणाले, "तुझ्या ताईला मी काय तोंड दाखवलं असतं रे?"

तरीही काम पुरं करणं भाग होतं. या वेळी दोघं मिळून गेले आणि स्वतःच्या हातांनी मेन बंद केलं. टेस्टर विझला. वायर कापली, टोकांना टेप गुंडाळली, केबल लांबून नेली. बाबा शिडीखाली मामांचा पाय धरून उभे होते. इतके चिकटून उभे राहिलेले दोघं मी कधी लग्नाच्या फोटोतही पाहिले नाहीत.

सगळं बंद. मजला अगदी चिडीचूप.

आणि शेवटच्या खोलीतून...

"आहे..."

दोघांनीही ऐकलं. बाबांचे ओठ मिटलेले मामांना दिसत होते. मामांचे बाबांना. त्यांनी अवजारं गोळा केली नाहीत, शिडीही तिथेच टाकून जिना गाठला. दुसऱ्या दिवशी केंद्र वेळेवर सुरू झालं, कॉम्प्युटर उत्तम चालला, आणि डॉक्टरीणबाईंनी शिडी रिक्षाने पाठवून दिली. काही विचारलं नाही. मामांना याचाच जास्त राग येतो. बाईंनी विषय काढला असता, तर त्या मजल्यावर आधी काय झालं होतं ते त्यांना विचारता आलं असतं.

घरी येताना गाडीत बाबा म्हणाले, "तो आवाज तुझा होता ना रे?"

"माझा? तुमचा होता!"

त्यावर दोघं इतके भांडले की गाडी बाजूला घ्यावी लागली. मामांना तो बाबांचा वाटला होता. बाबांना मामांचा.

तेव्हापासून काम करताना ते ओरडत नाहीत. मेन बंद केलं की बाबा शिडीपाशी येऊन मामांचा पाय धरतात. पायाला हात लागला, तरच मामा वर हात घालतात. शब्दावर काही करायचं नाही, असं ठरलंय.

आईला यातलं काहीच सांगितलं नव्हतं. उगाच घाबरेल म्हणून. ती चूक कोणाची, यावरही दोघं अजून भांडतात.

कारण गोष्ट इथे संपली असती, तर मी ती लिहिलीच नसती.

गेल्या महिन्यातली दुपार. मी कामावर होतो. मामा आणि बाबा एक काम आटोपून आमच्या घरी आले. बाबा खाली गाडी लावत होते. मामा जिना चढून वर आले. दार उघडंच होतं. सवयीने त्यांनी हाक मारली.

"ताई, आहेस का?"

आतून उत्तर आलं.

"आहे... आहे..."

ताईचा आवाज नव्हता.

आवाज बाबांचा होता. आणि बाबा अजून खाली होते. गाडीचं दार लावल्याचा आवाज मामांना आत्ताच ऐकू आला होता.

मामा उंबऱ्यातच थिजले. आत स्वयंपाकघरातला फ्रीज घरघरत होता. एरवी त्याच्याकडे कोणाचं लक्षही जात नाही.

आणि तो आवाज पुन्हा आला. थोडा बसका. थोडा वैतागलेला.

"मेन बंद केलंय. हात घाल."

मेन बंद, मग फ्रीज कसा चालू?

मामा ओरडतच आत धावले. आई स्वयंपाकघरात स्टुलावर उभी होती. तिथला दिवा कधीपासून लुकलुकत होता. दिव्याचा होल्डर काढून खाली लोंबत होता, वायरीची दोन्ही टोकं उघडी, आणि आईचा हात वर गेलेला.

मामांनी तिला कमरेला धरून खाली ओढलं. दोघंही ओट्यावर आपटले. आईचं कोपर फुटलं.

"अरे, वेडा झालास का?" आई कळवळली. "पडले असते ना मी!"

आईने कोपर चोळत दाराकडे पाहिलं. दारात बाबा उभे होते, हातात गाडीची किल्ली, तोंड पांढरंफटक.

आई त्यांच्याकडे बघून वैतागून म्हणाली, "आणि तुम्ही बाहेर कधी गेलात? मघापासून आत बसून बोलताय ना माझ्याशी?"